घट

माझं नाव दगा.
माझ्याआधी तिघं पाळण्यातच गेली,
म्हणून आईनं सटवाईला चकवायला हे नाव ठेवलं.
‘तुनं नाव दगा ठेवं, म्हनीसन तू जगना,’
भाकरी थापता थापता ती सांगायची.
आणि मी जगलो,
नंदुरबारच्या वळणरस्त्याला, मिरचीच्या पथारीवर,
सव्वीस वर्षं मेहताजी म्हणून.

हिशेब सोपा असतो.
चार क्विंटल ओली येते, पंधरा दिवस उन्हात लोळते,
एक क्विंटल वाळकी उरते.
मधलं जे गेलं त्याला वहीत घट म्हणतात.
ऊन खातं ते. आणि उन्हाकडे पावती मागायला
अजून तरी कुठला साहेब आलेला नाही.

निवडणुकीच्या साली ऊन जास्त खातं.
त्या साली आमच्याकडे चाराची पाऊणच उरली.
मीच उरवली, हिरव्या शाईनं.
झुलालशेठ समोर बसून सुपारी कातरत होते.

नानांकडे तीन पोती गेली, रात्री साडेदहाला.
वर मिरची चार बोटं,
खाली काय ते मी मोजलेलं.
तीच गाडी परत येऊन
तात्यांकडे दोन.
‘दोघांकडेही?’ मी विचारलं.
शेठ म्हणाले, ‘दगा, खळं कुणाचं का असेना,
वारा आपल्या बाजूनं सुटायला हवा.’

नानांनी म्हणे स्वतःच्या हातानं मोजले.
पोरांवर भरवसा नव्हता.
दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या सभेत
गरिबाच्या लेकरांवर बोलता बोलता
त्यांनी डोळे पुसले,
आणि मग डोळे थांबेचनात.
बायांनी पदर लावले. माझ्या शेजारचा म्हातारा
म्हणाला, माणूस आतून ओला आहे.
पेपरात फोटो आला, तीन कॉलम.
त्या अख्ख्या मैदानात मी एकटा,
ज्याला ती मिरची कुठल्या शिवारातली
तेही ठाऊक होतं.

निवडून आले. सरकारला खर्च दिला:
मंडप, हार, चहा, दोन रिक्षा, एका भोंग्याचं भाडं.
पैशाला पैसा जुळला.
एवढी स्वच्छ वही मला या जन्मी जमली नाही.

पोळ्याच्या सुमाराला
पथारीलगतच्या पडीक तीन एकरांवरची पाटी निघाली.
आदिवासी मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं तिथं.
नकाशात गुलाबी रंग होता,
तो पिवळा झाला.
शेठनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले,
एक रुमालात बांधून घरी नेला.

यंदा तिथंही मिरची पसरली आहे.
वेस्तीबाई दरसाल येते धडगावकडून, देठ खुडायला.
या खेपेला नात सोबत,
सातवीतून काढलेली. शाळा लांब, राहायला जागा नाही.
दोघींच्या नाकाला फडकी,
हाताला गोडंतेल चोपडलेलं, तरी आग व्हायची ती होतेच.

संध्याकाळी त्यांचा ढीग काट्यावर आला.
वेस्तीबाईला अक्षर येत नाही,
वजन मात्र बोटांना कळतं.
‘दोन किलो कमी कसं रे, मेहता?’

आणि माझ्या तोंडून, कुणी न सांगता
(शेठ तर त्या दिवशी सुरतेला होते),
शब्द निघाला:
घट.

तिनं वर पाहिलं.
सूर्य केव्हाच बुडाला होता.
मग काही न बोलता तिनं पुढची टोपली ओढली.
नात ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती,
सतराचा पाढा असावा.

रात्री रोजमेळ लिहिला, वही बांधली,
हात तीनदा धुतले साबणानं.
तरी झोप लागेपर्यंत
डोळ्यांना हात लावला नाही.