आठ बोटं आणि दोन रिकाम्या जागा

उणे एकोणीस.
ओंडक्यांवर बर्फाची साय, ती दिसते.
आतला रस गोठलाय, ते दिसत नाही.
कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून बघावं लागतं:
ओला स्प्रूस ठप्प म्हणतो,
गोठलेला वाजतो खणकन,
दुधाच्या रिकाम्या किटलीसारखा.

मी ठोकून बघितलं नाही.
तार्तूचा माणूस गाडी चालू ठेवूनच उभा होता,
सौनाच्या भिंतींसाठी चोवीस फळ्या, आजच्या आज.
मशीनवर शरदातलंच पातं होतं,
दातांचा कल दहा अंश.
पाइनला चालतं. ताज्या ॲस्पनला बारासुद्धा,
मऊ लाकूड पुढे झुकलेल्या दाताला
स्वतःहून घास भरवतं.

हे भरवणारं नव्हतं.
पहिल्या फांदीच्या जागी पातं डुबलं,
पुन्हा वर आलं, पुन्हा डुबलं,
फळीवर लाट उठली, तळहाताला लागेल एवढी.
चिडलेली माणसं म्हणतात ना, गाठ माझ्याशी आहे,
तसं त्या झाडाने
काही न बोलता म्हटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक.

बाबा.
ऑक्टोबरपासून त्या खुर्चीत.
झटक्याने सगळी भाषा नेली, एक शब्द ठेवला: एइ.
म्हणजे नाही. चहा? एइ. झोप? एइ.
कान मात्र शाबूत. दोन काचा आणि अख्खं अंगण ओलांडून
पट्ट्याच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं
कोणतं पातं आहे, आणि कोणतं हवं.
डावा हात काचेला टेकवलेला,
अंगठा दुमडून
चार बोटं.

शिकवतानाही बोटंच दाखवायचे.
मशीन चालू असताना बोलणार कोण?
ओकला नऊ. ॲशलाही नऊ.
ॲश वाळून खडखडीत झाला असेल तर सात,
आणि सातासाठी भुवया वर, म्हणजे जपून.
दहासाठी दोन्ही पंजे पसरायचे.
उजव्याची दोन बोटं रंध्याच्या मशीनने नेलेली
(करवतीने नव्हे; करवतीची बदनामी
त्यांना खपत नसे),
तर आठ बोटं आणि दोन रिकाम्या जागा.
मी आठ अंशांचं पातं आणलं एकदा.
केवढे हसले होते.
विर्वे, जे नाही तेही मोजायचं असतं.

पातं बदललं.
हातमोज्यांतून बोटं बधिर, ताण द्यायचा स्क्रू चिकटलेला,
तार्तूचा माणूस घड्याळ बघतोय, बघू दे.
चार अंशांचा दात जवळजवळ ताठ उभा असतो.
झेप घेत नाही, दातओठ खात नाही,
लाकडाला ओरबाडून आत शिरायची त्याला घाई नाही,
खरवडत, विचारत जातो.
दातांची फाकही थोडी कमी ठेवलेली,
पाण्याऐवजी डिझेलचे थेंब,
आणि ढकलायचं म्हाताऱ्या घोड्याच्या चालीने.
भुसा राईच्या पिठासारखा बारीक,
फळीला गोठून चिकटलेला. हाताने पुसला.
खाली सरळ.
गाठीतूनसुद्धा सरळ, पेन्सिलीची रेघ जाते तशी.

खिडकीकडे बघितलं तर
ते झोपले होते, हात अजून काचेवर,
भोवती श्वासाचा धुरकट गोल.

लाट आलेली फळी मी तार्तूच्या माणसाला दिली नाही.
कोंबड्यांच्या खुराड्याला लागेल.

रात्री वाटाण्याचं सूप.
मी दमलेले, अजून हिशेब लिहायचा होता,
चमचा जरा जोरातच पुढे केला.
ओठ मिटले. एइ.
पुन्हा केला. एइ.
मग डावा हात मांडीवरून हळूहळू उठला,
अंगठा दुमडलेला,
चार बोटं.

चार अंश म्हणाले,
की चार चमचे बस झाले,
मला कळलं नाही.
मी सावकाश चमचा धरला,
आणि चौथ्यानंतर वाटी बाजूला ठेवली.
तर रागावून बघायला लागले वाटीकडे.