चौतीस

अकोल्यात चव्वेचाळीस, कुंदा फोनवर सांगते,
पापड घातला की तासात कडक.
वेंगुर्ल्यात चौतीसच, मी म्हणतो.
ती हसते. चौतीसाला काय रडतोस रे?

आता तिला काय सांगू,
बरणी उलटी केली तरी मीठ पडत नाही,
काडेपेटीतली चौथी काडी कशीबशी धरते,
आणि परवाचा सदरा
अजून दोरीवरच आहे, आंबूस.

रात्री कुवेतहून दिलावर.
वाळूचं वादळ, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलाय.
"तुझ्याकडे वारो खंयचो?" विचारतो.

मी फोन घेऊन खळ्यात येतो.
माडाची एक झावळ हलत नाही.
"खारो," म्हणतो, "दर्यावरसून. बरो सुटलोहा."

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणतो,
"हां. लागलो."