तीन सेकंद

दांडिया बाजारात, हसमुखच्या दुकानात
रविवारी पुन्हा तोच खटला :
सर्वांत थोर बॉक्सर कोण?

मी म्हणालो, अली. पाय बघा त्याचे.
हसमुख म्हणाला, टायसन,
आणि वस्तरा माझ्या गळ्यावर थांबवला.
त्या स्थितीत मीही थोडा टायसनकडे झुकलो.
बाकावरचा यशोधन मोबाइलमधून आकडे वाचू लागला,
इतक्या लढती, इतके नॉकआउट,
जणू भुसाराची यादी.

इंगवले नंबर लावून बसले होते.
प्रतापनगरच्या रेल्वे मैदानावर
बावीस वर्षं घंटा वाजवली त्यांनी,
ठोसा एकही नाही.
"काका, तुम्ही सांगा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"एक पोरगा होता, दाहोद वर्कशॉपचा.
डोळा मिटलेला, पाय चिखलात रुतल्यासारखे,
तरी हात खाली घेईना.
मी तीन सेकंद आधी घंटा दिली."

"मग?"

"मग काय. हरलाच तो, गुणांवर.
जाताना माझ्या टेबलाशी थांबला,
सुजल्या ओठांनी म्हणाला,
साहेब, तमारी घडियाळ आगळ छे.
रागावला होता."

हसमुखने पंखा वाढवला.
अलीचं नाव मग कोणी काढलं नाही,
टायसनचंही नाही.

इंगवल्यांचा नंबर आला.
खुर्चीत बसताना सवयीने
त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं,
आणि म्हणाले, मिशीला हात नको,
फक्त मागून बारीक.