करवंटीतला घोडा

साडेसातला हवामान: पश्चिमेच्या फ्योर्डांत वारा,
लाटा बारा हात, लहान होड्यांनी बंदर सोडू नये.
माझ्याकडे होडी नाही. तरी ऐकते, शेवटपर्यंत,
बटाटे सोलता सोलता.

मग चेलो. वाजवणारी कुणी कोवळी पोर असावी,
संथ जागीही घाई करते.
मधेच तिचा श्वास ऐकू येतो,
मला तो सुरांपेक्षा आवडला.

मग भाषण, दगडफुलावर.
वर्षाकाठी केसाएवढं वाढतं म्हणे.
प्राध्यापक वीस मिनिटं बोलले, त्याच वेगाने.
मासा तळून झाला,
शेजारचा हाल्ग्रीमुर मीठ मागून गेला,
दगडफूल होतं तिथेच.

आणि नऊला नाटक. जुनंच, साठीतलं.
अडलेल्या बाळंतिणीसाठी डॉक्टर आणायला
एक माणूस बर्फातून निघतो.
निघते मी, खरं तर.
रेक्याविकच्या स्टुडिओत, भर उकाड्यात, अनवाणी,
चामड्याच्या पिशवीत बटाट्याचं पीठ
दोन्ही मुठींनी दाबत: कर्र. कर्र.
नट खुर्चीत बसून धापा टाकायचा.
खरा बर्फ आणून पाहिला होता घमेलंभर,
तो खोटा वाजला.

पुढे घोडा.
आमच्या बेटावर नारळ होत नाही.
कुठल्याशा बोटीवरून एक आला,
खोबरं अकरा जणांनी वाटून खाल्लं,
आणि त्या दोन करवंट्यांवर तीस वर्षं
आमचे सगळे घोडे धावले,
राजांचे, टपालवाल्यांचे, एकदा तर सैतानाचाही.

आता दार.
मी सुरी खाली ठेवते.
एविंदुरने ते आईच्या मासळीच्या खोलीचं
कडीसकट उचकटून आणलं होतं, न विचारता.
कडी वाजते, दार करकरतं,
आणि संहितेत नसलेला
एक खोकला.
दिग्दर्शक केवढे चिडले होते!
पण फीत संपत आलेली. राहिला तो.
त्याचा शेवटचा खोकलाही ऐकलाय मी, इस्पितळात.
तो म्हातारा होता.
हा अजून सव्विसाचाच.

डॉक्टर वेळेवर पोचतात. बाळ रडतं, तेही मीच.
नावं वाचतात: नट, नट्या, लेखक, दिग्दर्शक.
पावलांचं नाव कुणी वाचत नाही.

सालं टाकायला बाहेर आले.
ताजा बर्फ पडलाय, घोट्याएवढा.
चार पावलं टाकून पाहिली, कान देऊन.
छे.
पीठ बरं होतं.