तडीरी

कारखान्यातल्या पोरांनी निरोपाला काचेची टाकी दिली.
दोन फूट लांब, फूटभर उंच,
लगमाण्णानं स्वतः सिलिकॉन मारलेली, कोपरे गुण्यात.
बावीस जणांची वर्गणी, आणि आरिफच्या अक्षरात चिठ्ठी:
आता बसा निवांत, मासे बघत.

निवांत.
उद्यमबागेत छत्तीस वर्षं लेथपुढं उभ्या माणसाला
हा शब्द कुठल्या मापाचा, कळेना.

रेती धुतली, पाणी नितळ होईस्तोवर धुतली.
मंगळवारी पहाटे नळ आला,
राकसकोपचं पाणी, ब्लीचिंगच्या वासाचं,
बादल्यांत रात्रभर उघडं ठेवून मग ओतलं.
तेव्हा स्वच्छ होतं. शपथ.
तिसऱ्या दिवशी धुरकटलं.
चौथ्या दिवशी कूलंट.
हो, तेच. फिरत्या जॉबवर सांडणारं, पांढरं, बुळबुळीत,
ज्यानं माझी नखं कायमची मऊ करून ठेवलीत,
ते शोधत शोधत घरी आलेलं.

अर्धं उपसलं, अर्धं नवं घातलं.
सकाळी परत दूध.
उपसलं. स्पंज नळाखाली धरून
शेवटचा थेंब पांढरा निघेपर्यंत पिळला.
परत दूध.
मालू म्हणाली, झाडांना तरी बरं ओ,
गवती चहा कसा माजलाय बघा.

शहापुरात ईरण्णा मुरगोडचं दुकान आहे,
माशांचं, आणि कडेला मोबाईल रिचार्जचं.
तो खुर्चीतून उठलाच नाही.
'स्पंज धुतलासा?'
धुतला की. रोज.
त्यानं कपाळावर हात मारून घेतला.
'ती घाण न्हवं ओ. वस्ती हाय ती.
डोळ्याला दिसत न्हाई, भोकाभोकात ऱ्हाती,
माशाचं इख खाऊन जगती.
तुमी रोज तिचं गाव उठवूलालाय.'
मग थोडा वेळ गप्प,
आणि मनातली गोष्ट त्याच्या मनातल्या भाषेत:
'मुट्टब्याडरी. तडीरी.'

हात लावायचा नाही. थांबायचं.
दोन्ही शब्द मला येत होते,
कन्नडमध्ये आणि मराठीतही.
करायला मात्र कुठल्याच भाषेत जमत नव्हतं.

न्हाणीचा नळ दुरुस्त केला, तो बिघडला नव्हता.
शेजारच्या पाटणेकरांच्या फाटकाला तेल दिलं.
साडेदहाच्या चहाला पाय आपोआप उठायचे
आणि दारापर्यंत जाऊन विचारात पडायचे.
ईरण्णानं सांगितल्याप्रमाणं
रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर दाणे,
तिथं नसलेल्या माशांसाठी.
ते कुजणार, त्यावर वस्ती बसणार, असा हिशेब.
'कुणाला वाढूलालाय ओ?' मालू हसायची.

नवव्या दिवशी जास्तच दाट झालं.
हात पाठीमागं बांधून उभा राहिलो,
साहेब राऊंडला यायचे तसा.

कितव्या दिवशी उतरलं, ते लिहून ठेवलं नाही.
शतांश मिलिमीटर वहीत टिपणारा मी.
आधी मागच्या काचेवरचा टेपचा तुकडा दिसला,
मग रेतीत एक लाल खडा,
मग काहीच दिसेना, म्हणजे पाणीच दिसेना.
गळालं काय, म्हणून बोट बुडवलं.
ओलं.

टाकीच्या पलीकडं चटईवर मालू
पावटे सोलत बसलेली.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
किडका दाणा न बघताच डाव्या हातानं बाजूला,
ओठ हलत होते, मोजत होती की गुणगुणत, कळेना.
भिंतीवर अकरा वाजलेले.
छत्तीस वर्षं रोज अकरा वाजले,
आणि अकरा वाजताची मालू
मी बघितलीच नव्हती.
शिफ्ट बदलली तरी तेव्हा झोपेत असायचो.

'काय बघूलालाय ओ एवढं?'
पाणी, म्हटलं.
तिनं शेंगांची टोपली पुढं ओढली.
'मग मासे कधी आणायचे?'
तडी ग, म्हटलं. जरा तडी.