पक्का रंग

हडर्सफील्डला कोल्न नदी आता नितळ वाहते.
थ्यूलिसना ते फारसं पटलेलं नाही.
"मंगळवारी निळी, गुरुवारी जांभळी.
कुठल्या शेडमध्ये काय शिजतंय
ते पुलावरूनच कळायचं."

दर सहा महिन्यांनी ते इस्पितळात जातात,
तिथे त्यांच्या मूत्राशयात बारीक दिवा सोडतात.
परतताना आमच्या प्रयोगशाळेखालच्या बाकावर चहा.
थर्मॉसचं झाकण मला, स्वतः बाटलीतूनच.

आज पावाच्या कागदी पिशवीवर
मी त्यांना रेणू काढून दाखवला :
दोन षटकोन, मध्ये काडी, दोन्ही टोकांना नायट्रोजन.
पोरानं काढलेला चष्मा जणू.
बेंझिडीन.
नायट्रोजनला नायट्रोजन जुळला की लाल, काळा, आभाळी;
ती जोडी पोटात तुटते
आणि चष्मा पुन्हा सुटा होतो.
यकृत त्याला धार लावून देतं.
सपाट असतो, म्हणून शिरतो
गुणसूत्राच्या जिन्यात, दोन पायऱ्यांमध्ये पत्त्यासारखा.
पेशी मोजत उतरते,
आणि एक पायरी चुकते.

"मग करायचं काय?"
मधल्या काडीजवळ एक मिथिल कोंबायचं,
षटकोन मुरडतात, सपाट राहत नाहीत.
किंवा सल्फोनिक शेपूट लावायचं,
मग तो पाण्यातच रमतो, पाण्याबरोबर जातो.
बहुधा.
"म्हणजे कोपरं काढून चालणारा माणूस," थ्यूलिस म्हणाले,
"आमच्या गल्लीत शिरायचाच नाही."

लक्ष्मी रोडला आई साडी उलटून विचारायची,
रंग जाणार नाही ना?
दुकानदार शपथ घ्यायचा.
ती तरी बोट ओलं करून काठावर घासायची.

थ्यूलिसच्या उशीचा पिवळा मात्र
हिल्डानं अकरा वर्षं उकळला,
गेला नाही.

वर माझ्या ताटल्यांत
हिस्टिडीन बनवायचं विसरलेले जंतू आहेत.
रंगानं त्यांच्या जनुकात ढवळाढवळ केली
तर काहींना ते आठवतं, आणि ते वाढतात.
ते ठिपके मोजणं हा माझा पगार.
नव्या किरमिजीचे एकवीस.
नुसत्या पाण्याचे तेवीस.

म्हणून खिशातून चिंधी काढून दिली.
त्यांनी ती उजेडात धरली,
चाळीस वर्षांच्या सवयीनं डोळे बारीक केले.
"फिका आहे जरा."

मग बोट ओलं करून
कापडावर घासलं,
आणि बराच वेळ
बोटाकडेच बघत राहिले.