निरंक

आदेरितो, तुझं आडनाव मला कधीच नीट वाचता आलं नाही.
समालोचकालाही येत नव्हतं, दर वेळी तो वेगळंच म्हणायचा.
मानवतच्या तेहतीस केव्ही सबस्टेशनात
रात्रपाळीला चौदा इंची टीव्ही होता.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणला की पडद्यावर आडव्या रेघा पळायच्या,
आणि त्या रेघांमधून तू आलास, उलट्या पावली धावत,
पाठ स्वतःच्या गोलकडे, तोंड येणाऱ्यांकडे.

रेषेवर गेलेला बॉल तू गुडघ्यानं बाहेर काढलास.
गोलकीपरनंसुद्धा पाठ थोपटली नाही.
तू मोजे वर ओढलेस, झालं.

मी लॉगबुकात लिहिलं:
रात्री १.४०, निरंक.

कचरू, आमचा मदतनीस, बिडी विझवत विचारायचा,
"सायब, ह्यो गडी गोल कामून मारीना?"
त्याचं ते काम नाही, कचरू.
"मंग पगार कशाचा?"
काही होऊ नये, याचा.
कचरू खो खो हसला. मग पॅनेलवरच्या हिरव्या दिव्यांकडे बघून
"म्हंजी आपल्यावाणीच की," म्हणाला, आणि दुसरी बिडी काढली.

तुझी बदली सायप्रसला झाली,
माझी जिंतूरला.
तुमच्यात त्याला दुसरा शब्द असेल,
पैसेही वेगळे असतील,
पण सामान तर बांधावं लागतंच ना?
आमच्याकडे टेंपोत आधी शिलाई मशीन चढतं,
मग गादीत गुंडाळलेला आरसा.
पोरांच्या टी.सी.ची पिशवी बायको मांडीवर घेऊन बसते,
कुणाच्या हातात देत नाही.
तुझ्या पोरांच्या टी.सी. कोण काढायचं, आदेरितो?
रुमानियात भाजीवाल्याशी काय बोलायचास?
अंगोलात म्हणे तुझीच भाषा चालते, बरं झालं.
मला किनवटला तेलुगू मिसळून बोलावं लागलं.
माणसं चांगली होती. डास फार.

पुढे तू टीव्हीवरून गेलास. उरलं ते मोबाइलवर
अकरा नावांतलं एक नाव,
आणि कधी त्यासमोर पिवळा चौकोन.
तेवढ्यावरून मी ओळखायचो, आज पाय उशिरा पोचला.
सहीवरून कळतं तसं,
की माणसाचा हात कापायला लागलाय.

लार्नाकाला तू स्वतःच्याच जाळीत बॉल घातलास.
त्याचा व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरला,
चार लाख लोकांनी पाहिला.
मी नाही पाहिला.
उदगीरला एकदा माझ्या हातून भलताच फीडर बंद झाला होता.
अक्षता पडायची वेळ, अख्खा मांडव अंधारात.
सोळा वर्षं झाली.
अजून तिथल्या चौकात चहा प्यायला गेलो
की कुणीतरी मुद्दाम वर बल्बकडे बघतं.

तुझा शेवटचा सामना मी गंगाखेडला असताना झाला.
अडतीसचा तू. क्लब तुझ्या आईच्या गावाजवळचा,
कॅमेरा एकच, कुणाच्या तरी गच्चीवरून धरलेला,
मध्ये मध्ये वाळत घातलेली चादर यायची.
शून्य-शून्य.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कडेला कुणीतरी पाटी उचलली,
बदली,
पाटीवर तुझा नंबर,
आणि सोनपेठ फीडर ट्रिप झाला.

मी पळालो. ब्रेकर, फोन, पुन्हा फोन.
खाजामियाँ खांबावर चढलेला,
"अबी नै छोडना साब, अबी नै, मैं बोलतूं तबीच."
त्याच्या शब्दावर मी हात धरून उभा.
माझं काम तेवढंच, न सोडणं.

वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा
पडद्यावर मैदान रिकामं होतं.
एक माणूस कोपऱ्यांतले झेंडे उपटून काखेत घेत होता.
तू होतास की तिथला शिपाई, कळेना,
कॅमेरा फार लांब.

चौथा झेंडा काढून तो वाकला
आणि त्यानं मोजे वर ओढले.